जुन्या मोटारसायकलचा क्रँक: ड्रिल हातात घेण्याआधी काय काय करायचं

इंजिन हादरतंय म्हटलं की हात आधी ड्रिलकडे जातो. माझाही गेला होता. एका जुन्या सिंगल सिलिंडर इंजिनात पिस्टनचं वर-खाली धावणं गोल फिरण्यात बदलणारा जो क्रँक असतो, त्याच्या फ्लायव्हीलला (जड चाकांना) मी कागदावर हिशेब मांडून चार भोकं पाडली, इंजिन बांधलं, किक मारली, आणि हँडलला मुंग्या होत्या तशाच. इंजिन पुन्हा उघडून डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावला तेव्हा कळलं की एका बाजूचा मेन शाफ्ट ०.०९ मिमी डगमगतोय. चाकं एकमेकांशी सरळ बसलेलीच नव्हती. तोल मुळात ठीक होता, तो माझ्या भोकांनी बिघडला. लोखंडाला पाडलेलं भोक परत भरून येत नाही, म्हणून या लेखात ड्रिल बऱ्याच उशिरा येतं.

इथे मुख्यतः जोडून बनवलेल्या क्रँकबद्दल बोलायचं आहे: बुलेट, बीएसए गोल्ड स्टार, व्हेलोसेट यांसारख्या जुन्या सिंगल इंजिनांतला. दोन जड चाकं, प्रत्येक चाकाला बाहेरच्या बाजूला एक मेन शाफ्ट, मध्ये क्रँक पिन, तिच्यावर बिग एंड बेअरिंग (रॉडच्या खालच्या टोकातलं) आणि पिस्टनकडे जाणारा कनेक्टिंग रॉड. पिन निमुळत्या टोकाची असते आणि बाहेरून नटाने आवळलेली असते, किंवा सरळ असते आणि प्रेसने घट्ट बसवलेली असते. जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये दुसरा प्रकार भेटतो. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या जुन्या ट्विनची (दोन सिलिंडरच्या इंजिनांची) गोष्ट निराळी. तिथे फ्लायव्हील मधोमध बोल्टने बसतं, बिग एंडला शेल (पातळ अर्धगोल बेअरिंग) असतात आणि ट्रू करण्याचा, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणण्याचा, प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. तोलाचं तत्त्व मात्र तेच.

सुटं करण्याआधीची मोजमापं

इंजिनमधून क्रँक बाहेर आला की पिन खोलायची घाई करू नका. आत्ता तो जसा आहे तशी त्याची नोंद पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते.

आधी बिग एंड. क्रँक टेबलावर धरा, रॉड उभा ठेवा आणि सरळ वर-खाली ओढून-ढकलून बघा. रॉकेलने धुतलेल्या, तेल नसलेल्या बेअरिंगमध्ये हाताला 'टक' लागली तर बिग एंड गेला. रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडे थोडं झुलतं, ते मात्र रोलर बिग एंडमध्ये चालतं. ते झुलणं बघून बेअरिंग बदलणारे पुष्कळ आहेत. बुलेटच्या फ्लोटिंग बुशच्या (पिन आणि रॉड यांमध्ये मोकळ्या फिरणाऱ्या कडीच्या) बिग एंडला रोलरपेक्षा मोकळीक जास्त असते, तिथे हाताच्या अंदाजावर जाऊ नका, मॅन्युअलचा आकडा घ्या. रॉड आणि चाक यांमधली बाजूची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहून ठेवा.

मग दोन्ही मेन शाफ्टची डगमग मोजा, कशी ते पुढे ट्रू करण्याच्या भागात येईल. आणि शेवटी खुणा. दोन्ही चाकांच्या कडेवर पट्टी ठेवून पिनपासून ९० अंशांवर टोकदार खिळ्याने एक सरळ रेघ ओढा. रॉडची कोणती बाजू टायमिंगकडे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या गिअरकडे), पिनमधलं तेलाचं भोक कुठे, कोणता नट कोणत्या बाजूचा, सगळ्याचे फोटो काढा. तेलाचं भोक उलट्या बाजूला बसवलं तर बिग एंडला तेलच मिळत नाही, आणि ही चूक इंजिन जळेपर्यंत दिसत नाही.

तोलाचा हिशेब, अजून क्रँक जोडलेला असतानाच

सिंगल इंजिनाचा पूर्ण तोल चाकाने साधतच नाही. पिन, बेअरिंग, रॉडचा खालचा भाग हे वजन गोल फिरतं. त्याला समोरच्या बाजूच्या वजनाने शंभर टक्के उतारा देता येतो. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), ती अडवणाऱ्या सर्क्लिप आणि रॉडचा वरचा भाग हे वजन मात्र सरळ रेषेत वर-खाली धावतं. चाकावरचं गोल फिरणारं वजन त्याला सिलिंडरच्या दिशेने उतारा देतं खरं, पण तेच वजन चाक पाव फेरा फिरलं की आडव्या दिशेला ओढायला लागतं.

म्हणून धावत्या वजनाचा काही हिस्साच तोलायचा असतो. त्या हिश्श्याच्या टक्केवारीला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. शून्य टक्के ठेवला तर सगळा धक्का सिलिंडरच्या रेषेत. शंभर टक्के ठेवला तर तेवढाच धक्का आडवा. पन्नास टक्के ठेवला तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा, म्हणजे सारख्याच ताकदीचा एक धक्का क्रँकच्या उलट दिशेने गोल फिरत राहतो. धक्का नाहीसा कधीच होत नाही, फक्त कुठल्या दिशेला किती जाईल ते आपण ठरवतो. ६०० ग्रॅम धावतं वजन आणि ९० मिमी स्ट्रोक घेतला तर ५००० आरपीएमला हा धक्का साधारण साडेसातशे किलोच्या ओढीइतका येतो. सिंगल इंजिनाच्या फ्रेमचे बोल्ट का ढिले होतात याचं उत्तर त्यात आहे.

फॅक्टर किती हवा हे इंजिनाइतकंच फ्रेमवर अवलंबून असतं. सिंगलला सहसा ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यानचा आकडा असतो. ट्रायम्फच्या ६५० सीसी ट्विनला ८५ टक्के वापरले गेले, आणि १९६७ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडोला, जिचं इंजिन रबरावर टांगलेलं आहे, ५२ टक्के. दोन्ही पॅरलल ट्विन, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आकडा उचलून आपल्या चाकाला लावू नका. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तो, नसेल तर कारखान्यातून आला तेव्हाचा जो होता तो, आणि तो आपल्याला आत्ता मोजता येतो.

त्यासाठी रॉडच्या स्मॉल एंडचं (पिस्टनकडच्या टोकाचं) वजन लागेल. क्रँक अशा रीतीने टेकवा की रॉड पिनवर मोकळा फिरेल. रॉड आडवा करा, पाणसळ लावून बघा, आणि स्मॉल एंड एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर टेकवा. बेअरिंग स्वच्छ आणि कोरडं हवं, नाहीतर चिकट तेल चार-पाच ग्रॅम खातं. तीन-चार वेळा उचलून ठेवा आणि सरासरी घ्या.

समजा स्मॉल एंड १८० ग्रॅम भरला. पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्क्लिप मिळून ४२० ग्रॅम. धावतं वजन झालं ६०० ग्रॅम.

आता क्रँक दोन समांतर, कठीण पोलादी धारांवर मेन शाफ्टने ठेवायचा. धारा नसतील तर मोकळ्या फिरणाऱ्या, तेल धुऊन काढलेल्या बॉल बेअरिंगच्या चार चकत्यांवरही चालतं, पण धारा जास्त हळव्या. दोन्ही दिशांनी पाणसळ बघून घ्या. रॉड खाली लोंबू द्या, स्टँडला कुठे लागत नाही ना ते पहा. स्मॉल एंडला डबी टांगा आणि तिच्यात नट-वॉशर टाकत जा. पिन आडवी असताना क्रँक जिथल्या तिथे राहिला, आणि पिन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेही ठेवली तरी आपणहून फिरेनासा झाला, की डबीसकट टांगलेलं वजन मोजा.

समजा ते १५० ग्रॅम आलं. पिनवर लोंबणारं धावत्या हिश्श्याचं वजन म्हणजे टांगलेले १५० अधिक स्मॉल एंडचे १८०, एकूण ३३०. याला ६०० ने भागलं की ५५ टक्के. हा तुमच्या क्रँकचा आजचा फॅक्टर. वहीत लिहून ठेवा.

सुटं करणं

नटवाल्या पिनसाठी चाक घट्ट धरायला चौकट हवी. लाकडी ठोकळ्यांत अडकवून आणि रॉडमध्ये दांडा घालून नट सोडायचा प्रयत्न केला की रॉड वाकतो. जाड लोखंडी पट्टीवर दोन मजबूत खुंट्या उभ्या करा, त्या चाकाच्या मोकळ्या भागांत बसतील अशा बेताने. नटाला पूर्ण बसणारा सॉकेट आणि लांब पाइप घ्या. लॉक वॉशर किंवा छोटा स्क्रू आधी काढायचा विसरू नका.

निमुळती पिन नट सुटल्यावरही चाकाला चिकटून राहते. दोन चाकांच्या मध्ये, पिनच्या अगदी जवळ, दोन बाजूंनी सारख्या निमुळत्या पाचरी सारून थोडा ताण द्या आणि पिनच्या टोकावर तांब्याच्या हातोड्याने एकच नेमका फटका मारा. नट दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा, म्हणजे पिन उडून चाक पायावर पडत नाही. बिडाच्या चाकाच्या कडेवर मोठा हातोडा मारू नका. बीड सांगून तडकत नाही.

प्रेसने बसवलेल्या पिनसाठी हायड्रॉलिक प्रेस आणि चाकाला पिनजवळून आधार देणाऱ्या जाड पट्ट्या हव्यात. चाकाच्या कडेला आधार देऊन दाबलं तर चाक बशीसारखं वाकतं. गॅसने तापवणं टाळा.

स्वच्छता आणि तपासणी

पिनमधली आणि चाकामधली तेलाची वाट स्वच्छ करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण बिग एंड मेल्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं. चाक फिरताना तेलातला जड गाळ बाहेर फेकला जातो आणि वाटेच्या टोकाशी दगडासारखा घट्ट बसतो. टोकाचा स्क्रू काढा, आतून तार फिरवा, रॉकेलने धुवा, हवा मारा. ट्विनच्या क्रँकमध्ये गाळ साचायला खास नळी असते. ती न काढता नवे शेल घातले तर तो गाळ नव्या शेलवरच येतो.

आता चाकं. पिनच्या भोकाभोवती, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात आणि मेन शाफ्टच्या मुळाशी तडे शोधा. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मिळालं तर उत्तम. तडा दिसला की ते चाक बाद. वेल्डिंग करून वाचवलेलं बिडाचं फ्लायव्हील मी माझ्या पायांच्या मध्ये फिरवणार नाही.

निमुळत्या भोकात निळा रंग पातळ लावून पिन हलकेच फिरवून काढा. रंग सगळीकडे सारखा लागला तर बैठक चांगली. फक्त एका टोकाला किंवा एका पट्ट्यात लागला तर पिन तिथेच धरते आहे आणि नट कितीही आवळला तरी ती सरकणार. बारीक ओरखडे असतील तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने, जुन्या पिनने, अगदी थोडं घासता येतं. इथे जपायचं असतं: निमूळ समजा आठास एक असेल, तर व्यासात ०.०१ मिमी घासलं की पिन ०.०८ मिमी आत जाते. दोन्ही चाकांत असं झालं की रॉडची बाजूची फट ०.१६ मिमीने कमी. नव्या पिनने घासू नका, आणि घासल्यावर पेस्टचा कणही राहता कामा नये.

सरळ पिनचं भोक सैल झालं असेल तर एकच सरळ मार्ग: भोक जिग बोअरिंगवर नेमकं मोठं करून जाड पिन बनवून घेणं. दोन्ही चाकांत केंद्रापासूनचं अंतर तंतोतंत सारखं राहायला हवं, म्हणून हे काम ड्रिल मशीनवरचं नाही. पिनला पंचाने टोचे मारून, किंवा चिकटवणारं द्रव ओतून सैल पिन बसवणं म्हणजे काम पुढे ढकलणं.

मेन शाफ्टवर बेअरिंग किंवा बुश बसते ती जागा मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. झिजली असेल तर शाफ्ट बदला, किंवा हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून घ्या. शाफ्टच्या टोकातले सेंटर (लेथवर धरायची शंकूसारखी भोकं) दबलेले असतील तर तेही लेथवर आधी नीट करून घ्या. पुढची सगळी मोजणी त्यांच्यावर उभी आहे.

बिग एंड आणि रॉड

नवा संच बसवताना पिन, रोलर आणि रॉडमधली बाहेरची कडी ही त्रयी एकत्र बघायची. रोलर बिग एंडला मोकळीक साधारण ०.०१ ते ०.०२५ मिमी असते, तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर ते खरं. रॉडमध्ये कडी दाबून बसवली की ती थोडी आवळते, म्हणून बसवल्यानंतर बोअर गेजने मोजा आणि गरजेप्रमाणे होन करा, म्हणजे बारीक दगडाने आतून घासा. बरोबर जमलेलं बेअरिंग तेल न लावता बोटाने फिरवलं तर कुठेही अडत नाही, आणि वर-खाली ओढलं तर जाणवेल असं काही लागत नाही.

रॉड वाकलेला नाही ना ते बघायला दोन्ही भोकांत घट्ट बसणारे सरळ दांडे घाला आणि दोन्ही टोकांना त्यांच्यामधलं अंतर मोजा. १०० मिमी रुंदीत दोन-तीन शतांश मिमीपेक्षा जास्त फरक आला तर रॉड सरळ करून घ्या. मग रॉड उभा करून बघा, पिळलेला असेल तर दांडे एका पातळीत दिसणार नाहीत. वाकडा रॉड पिस्टन एका बाजूला दाबतो, आणि माणूस आवाजाचा दोष बिग एंडवर ठेवतो.

आता ठरवा: भोक पाडायचं की नाही

नवा ओव्हरसाइज पिस्टन संच समजा ४५० ग्रॅमचा आहे, म्हणजे ३० ने जड. धावतं वजन झालं ६३०. नवा पिन आणि रोलरचा संच जुन्यापेक्षा १२ ग्रॅमने जड निघाला. तो पूर्ण फिरणारं वजन आहे, म्हणून ते १२ ग्रॅम तोलातून पूर्णच वजा होतात: ३३० उणे १२, उरले ३१८. भागिले ६३०, म्हणजे ५०.५ टक्के.

५५ चे ५०.५ झाले. माझा अनुभव असा की दोन-तीन टक्क्यांचा फरक गाडी चालवताना ओळखूच येत नाही. तेवढ्यासाठी मी चाकाला हात लावत नाही. साडेचार टक्के सीमेवर आहे. आधी पिस्टनच हलका करता येतो का बघा. कधी कधी दुसऱ्या बनावटीची पातळ गजन पिन १५ ग्रॅम वाचवते आणि प्रश्न तिथेच मिटतो.

नाहीच जमलं तर गणित असं. ६३० च्या ५५ टक्के म्हणजे ३४६.५. आहेत ३१८. कमी पडतात २८.५ ग्रॅम, पिनच्या त्रिज्येवर. स्ट्रोक ९० मिमी असेल, बुलेटचा तेवढाच आहे, तर पिनची त्रिज्या ४५. भोक केंद्रापासून ७५ मिमीवर पाडणार असाल तर २८.५ गुणिले ४५ भागिले ७५, म्हणजे १७.१ ग्रॅम काढायचे.

कुठून? फॅक्टर वाढवायचा तर पिनच्या बाजूचं लोखंड कमी करायचं. फॅक्टर कमी करायचा तर समोरच्या जड बाजूचं. इथे उलटं झालं की सगळंच दुप्पट बिघडतं, म्हणून चाकावर आधी खडूने 'इथे' असं लिहा. पिनच्या सरळ रेषेत भोक पाडून तिच्या भोवतालचं लोखंड कमकुवत करू नका. प्रत्येक चाकात तिच्या दोन्ही बाजूंना २० अंश सरकून एकेक भोक पाडा. तिरक्या ओढीचा परिणाम ०.९४ पट होतो, म्हणून १७.१ चे १८.२ ग्रॅम धरा. दोन चाकांत मिळून चार भोकं, प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम. १० मिमी ड्रिलचं भोक बिडात दर सेंटिमीटर खोलीला ५.६ ग्रॅम काढतं, पोलादात ६.२. म्हणजे बिडात ८ मिमी खोल. ड्रिलच्या टोकाचा शंकू धरून थोडं कमी निघतं, ते बरंच आहे. आधी ६ मिमी खोल जा, चाक वजन करा, मग पुढे.

दोन्ही चाकांतून सारखंच काढायचं. एकातूनच सगळं काढलं तर धारांवर क्रँक शांत राहील, पण फिरताना एक चाक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे ओढेल.

वजन वाढवायची वेळ आलीच तर शिशाच्या गोळ्या ठोकू नका. ७५ मिमीवरचा १० ग्रॅमचा तुकडा ५००० आरपीएमला २० किलोहून जास्त ओढीने बाहेर जायला बघतो. टंगस्टनची दट्ट्यासारखी कांडी, आतून बाहेर निसटणार नाही अशा बाजूने, दाबून बसवतात. आणि टू-स्ट्रोकमध्ये पाडलेलं प्रत्येक भोक क्रँककेसची (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीची) पोकळी वाढवतं आणि दाब कमी करतं, म्हणून तिथे भोकं हलक्या ॲल्युमिनियमच्या बुचांनी बंद करावी लागतात.

जोडणी

सगळं परत एकदा धुवा. निमुळत्या बैठकी पूर्ण कोरड्या हव्यात. तेल लागलं की नट आवळताना पिन नको तितकी आत जाते आणि बीड फाटू शकतं. प्रेसच्या सरळ पिनला मात्र तेलाचा हलका हात. रोलरना इंजिन तेल.

तेलाचं भोक जुळवा आणि तेलाच्या डबीने शाफ्टमधून तेल दाबून ते रोलरमधून बाहेर येतंय हे डोळ्यांनी बघा. मग दुसरं चाक बसवा, नट हातानेच आवळा, आणि आधी ओढलेली रेघ पट्टीने जुळवा. पट्टी दोन्ही कडांवर सपाट टेकली पाहिजे, मध्ये उजेड दिसता कामा नये. नट अर्धा आवळा आणि मोजायला घ्या. पूर्ण आवळून मग ट्रू करायला गेलात तर प्रत्येक चुकीसाठी नट सोडावा लागतो.

ट्रू करणं

क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये, किंवा तशाच स्वतंत्र चौकटीत धरा. दोन डायल गेज, प्रत्येक मेन शाफ्टवर एक, चाकाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. एकच गेज असेल तरी चालतं, पण मग दोन्ही शाफ्टच्या चुका एकमेकांशी ताडून पाहायला डोकं जास्त लागतं. हाताने सावकाश फिरवा, आणि काटा सर्वांत वर कुठे जातो ती जागा चाकावर खडूने लिहा.

काटा ०.०४ मिमी हलला म्हणजे शाफ्टचं केंद्र ०.०२ मिमी सरकलेलं आहे. मॅन्युअलनी सहसा ०.०५ मिमीपर्यंतची काट्याची हालचाल चालवून घेतली आहे. मी ०.०२ च्या आत आल्याशिवाय उठत नाही.

चुका दोन जातीच्या. पहिली, चाकं पिनभोवती कात्रीसारखी फिरलेली. पिनपासून ९० अंशांवर एका शाफ्टचा काटा वर, दुसऱ्याचा खाली. उपाय: क्रँक सेंटरमधून काढा, हातात धरा, आणि ज्या चाकाचा काटा वर होता त्याच्या कडेवर, त्याच वरच्या जागी, तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने केंद्राच्या दिशेने एक फटका मारा. सेंटरमध्ये असतानाच फटका मारला तर सेंटर बिघडतात, आणि मग पुढचे सगळे आकडे खोटे. फटक्याचा जोर काही फटक्यांनंतर हाताला समजू लागतो, पहिले दोन अति हलके किंवा अति जड जाणारच.

दुसरी, चाकं समांतर नाहीत: पिनच्या समोरच्या बाजूला फाकलेली किंवा मिटलेली. इथे दोन्ही काटे एकाच जागी एकदम वर जातात. सेंटर बाहेरच्या टोकांना आणि गेज चाकाजवळ असेल तेव्हा: पिनची बाजू वर असताना काटे चढले तर चाकं समोरच्या बाजूला मिटलेली, तिथे पाचर सारून उघडायची. पिनची समोरची बाजू वर असताना चढले तर फाकलेली, तिथे जी-क्लॅम्पने हलके आवळायची. क्रँक व्ही-ब्लॉकवर चाकाजवळ टेकवून गेज बाहेरच्या टोकाला लावलात तर हे उलटं होतं. एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा मी दोन चाकांमधली फट व्हर्निअरने चार जागी मोजतो. फट खोटं बोलत नाही.

खऱ्या क्रँकमध्ये दोन्ही चुका मिसळून येतात, काटे ९० वरही नाहीत आणि पिनवरही नाहीत. आधी कात्री काढा, मग फट. कात्री काढली की निम्मी फटीची चूक आपोआप गेल्याचं पुष्कळदा दिसतं. एक शाफ्ट शांत आणि दुसरा हट्टाने डगमगत राहिला, काय वाट्टेल ते केलं तरी, तर हातोडा खाली ठेवा. शाफ्ट वाकलेला आहे, किंवा त्याच्या चाकातली बैठक तिरकी आहे. ते चाक एकटं लेथवर धरून बघा.

०.०३ च्या आत आल्यावर नट मॅन्युअलच्या टॉर्कला पूर्ण आवळा, आणि पुन्हा मोजा. आवळताना क्रँक जवळजवळ नेहमीच थोडा हलतो. पुन्हा एक-दोन फटके, पुन्हा मोजणी. या भागाला एक पूर्ण दुपार धरा. चहा गार होईल तो होऊ द्या. ट्रू झाल्यावर लॉक वॉशर किंवा स्क्रू बसवा, रॉडची बाजूची फट मोजा, आणि क्रँक परत धारांवर ठेवून फॅक्टर तपासा. कागदावरचे ५५ धारांवर ५४ किंवा ५६ आले तर पुरे. पन्नासच्या खाली किंवा साठच्या वर आले तर बेरजेत चूक आहे. बहुतेक वेळा स्मॉल एंडचं वजन दोनदा धरलेलं असतं.

केसमध्ये परत

मेन बेअरिंग नवी घातली असतील तर क्रँक दोन्ही केसमध्ये बसवून, बोल्ट आवळून हाताने फिरवा. आवळल्यावर जड झाला तर बाजूची मोकळीक संपली आहे, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बदला. रॉड सिलिंडरच्या तोंडाच्या मधोमध येतो का बघा, तो एका बाजूला असेल तर शिम एकीकडून काढून दुसरीकडे घालायचे, रॉड वाकवायचा नाही.

टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकाला तेल देणारं छोटं सील असतं, ते नवं घाला. सील फाटकं असेल तर बिग एंडला जायचं तेल कव्हरमध्येच सांडतं. पंपात तेल भरा, स्पार्क प्लग काढून किक मारत राहा, टाकीत परतीचं तेल दिसेपर्यंत. मग प्लग लावून इंजिन सुरू करा. फॅक्टरचा आणि डगमगीचा आकडा लिहिलेला कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवतो, पुढच्या वेळी पिस्टन बदलताना क्रँक न उघडता निम्मं गणित त्यावरूनच होतं.